हरवलेल्या वायसरची कैफियत

जुन्या गाडीचे प्लग बदलणे अवघड आहे असे कुणीच म्हणत नाही, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. चार प्लग, एक बॉक्स पाना, त्यात घालायची टॉमी आणि अर्धा तास. मिस्त्री हेच सांगतो, शेजारी हेच सांगतात, गाडीची जुनी पुस्तिकाही हेच सांगते. या अर्ध्या तासात पडलेली वस्तू शोधायचा वेळ कुणी धरलेला नसतो. प्रीमियर पद्मिनीचे प्लग ज्याने स्वतः बदलले आहेत त्याला विचारा. पाना फिरवण्यात वेळ जातच नाही. तो जातो बॉनेटखाली कमरेत वाकून, एका हाताने बॅटरी धरून, सस्पेन्शनच्या आडव्या दांड्यावर साठलेल्या काळ्या चिखलात काही चमकते का हे बघण्यात.

पडणाऱ्या वस्तू ठरलेल्या असतात. प्लगच्या बुडाशी असलेला वायसर, प्लगच्या डोक्यावरची वायरीची गुंडी, टप्पेट कव्हरला हात घातलात तर त्याच्या नटाखालचा वायसर, आणि डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर उघडलात तर पॉइंट बसवायचा तो गव्हाएवढा स्क्रू. या चारही वस्तू इंजिनातल्या बहुतेक भागांपेक्षा लहान आहेत, आणि चारही अशा जागी बसवल्या आहेत की सुटल्या की खाली जायला वाट मोकळी. कुणीतरी कागदावर हे इंजिन आखताना या वस्तू बोटांतून सुटतील हा विचार करायला हवा होता. केलेला नाही. मला त्याचा राग आहे आणि तो मी गिळणार नाही.

बहुतेकांना ही तक्रार क्षुल्लक वाटते. “काका, दोन रुपयांचा वायसर, सोडून द्या ना,” असे इमारतीतले पोरगे येता-जाता म्हणते. गॅरेजमधला पोऱ्याही हेच म्हणतो, फक्त “साहेब” म्हणून. त्यांचा हिशेब किमतीचा आहे. वायसर दोन रुपयांचा असेल, पण तो कुठे गेला हे माहीत नसणे दोन रुपयांचे नाही.

प्लगचा तो वायसर म्हणजे नुसती चकती नव्हे. पत्रा दुमडून केलेली ती पोकळ कडी असते. प्लग आवळला की ती चेपते आणि सिलिंडरमधला दाब बाहेर येऊ देत नाही. शिवाय प्लगच्या टोकाची उष्णता आट्यांतून आणि याच कडीतून हेडमध्ये उतरते. नवा प्लग हाताने बसेल तितका बसवून वर सुमारे अर्धा फेरा आवळायचा, तो ही कडी चेपावी म्हणून. एकदा चेपलेल्या कडीला तेवढा फेरा चालत नाही, सुमारे एक अष्टमांश फेरा पुरतो. आता जुना प्लग बाहेर काढला आणि त्याच्या बुडाशी कडी नाही असे दिसले, तर ती तीन ठिकाणी असू शकते: जमिनीवर, गाडीच्या कुठल्यातरी बेचक्यात, किंवा हेडमधल्या बैठकीलाच चिकटून. तिसरी शक्यता कुणी धरत नाही. मग नवा प्लग आपली कडी घेऊन येतो आणि जुन्या कडीवर बसतो. दोन कड्या झाल्या की प्लग तेवढा वर राहतो, त्याचे टोक ज्वलनाच्या पोकळीत पुरते पोचत नाही, आत उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी धरते, आणि महिन्याभराने गाडी मिसिंग मारू लागली की सगळे कार्ब्युरेटरला शिव्या देतात. म्हणून वायसर सापडेपर्यंत माझे काम संपत नाही.

चौथी शक्यता कडीची नाही, गुंडीची, आणि ती सर्वांत वाईट. प्लग काढल्यावर हेडमध्ये चौदा मिलिमीटरचे भोक उघडे पडते आणि त्याच्या खाली पिस्टन असतो. प्लगच्या डोक्यावरची गुंडी चार मिलिमीटरच्या आट्यांवर बसते. ती त्या भोकातून सहज आत जाते. अशा वेळी जमलेल्यांतला एक जण हमखास म्हणतो, “चालू करून बघा, सायलेन्सरमधून निघून जाईल.” हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण विश्वासाने म्हटलेले असते. इंजिन मोकळे, सावकाश जरी चालले तरी मिनिटाला आठशेच्या आसपास फेरे घेते. म्हणजे ती गुंडी पिस्टन मिनिटाला आठशे वेळा हेडवर आपटणार. पिस्टन ॲल्युमिनियमचा, हेडही ॲल्युमिनियमचे. ती निघून जाणार म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेल त्या क्षणी त्याच्या फटीतून. ती तिथे अर्धी अडकली आणि व्हॉल्व्ह मिटला तर व्हॉल्व्ह वाकतो. मग हेड उतरवा, गॅसकेट आणा, व्हॉल्व्ह घासा. दोन रुपयांचा हिशेब करणारे त्या वेळी आपापल्या घरी असतात.

काढायची साधने आहेत, आणि प्रत्येकाबद्दल माझी तक्रार आहे. पहिले लोहचुंबक लावलेली लांबणारी दांडी. दुकानात तिच्या टोकाला मोठा बोल्ट चिकटवून दाखवतात. गाडीत ती आधी इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकला चिकटते, तिथून सोडवली की चासिसला, आणि वायसरपर्यंत पोचेतो हात भरून येतो. यावर एक उपाय खरोखर चालतो: दांडी शहाळ्याच्या प्लॅस्टिक नळीसारख्या जाड नळीतून न्यायची, टोक तेवढे बाहेर ठेवायचे. मग ती बाजूला ओढली जात नाही. हा उपाय दांडीच्या पाकिटावर छापायला जागा होती. तिथे एका हसऱ्या माणसाचे चित्र आहे. आणि चुंबकाला लोखंडच लागते. पितळेची गुंडी, ॲल्युमिनियमची गुंडी, तांब्याचा वायसर यांना त्याचे काही नाही. गुंडी कशाची आहे हे वरून चढवलेल्या मुलाम्यामुळे कळत नाही. चुंबक तिला शिवून रिकामा परत आला की कळते.

दुसरे साधन चार पंज्यांची स्प्रिंगची चिमटी. मागचे बटण दाबले की पंजे उघडतात, सोडले की मिटतात. मिटताना ते वस्तूला थोडे पुढे ढकलतात, आणि वस्तू जिथून दिसत होती तिथून दिसेनाशी होते. तिसरे, काडीच्या टोकाला ग्रीस. हे जुन्या मिस्त्रींचे साधन आहे आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाचे, कारण धातू कुठला याच्याशी त्याला कर्तव्य नाही आणि ते काही ढकलत नाही. व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडूनही काम होते, पण नळीचा सांधा चिकटपट्टीने हवाबंद केला तरच. मोबाइलला जोडायचा साडेपाच मिलिमीटर जाडीचा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो. सिलिंडरमध्ये डोकवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण तो फक्त दाखवतो.

सिलिंडरमध्ये काही गेले की पिस्टन वर आणावा का, यावर गॅरेजमध्ये वाद होतो. वर आणला की वस्तू भोकाजवळ येते, हे खरे. पण ती भोकाखालीच येईल असे नाही. कडेला घरंगळली तर पिस्टन आणि हेडच्या मधल्या अरुंद जागेत दाबली जाते. माझे मत असे की पिस्टन आहे तिथे ठेवून आधी आत पाहावे, आणि हलवायचाच झाला तर चारही प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून बोटा-बोटाने ढकलावी. सेल्फ मारणाऱ्याला त्या दिवशी गाडीपासून लांब ठेवावे.

हे सगळे एका जुन्या फियाटसाठी कशाला, असे विचारले जाते. ही गाडी कुर्ल्यात बनत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीतली फियाट अकराशे इथे आधी डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून रस्त्यावर आली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे एके काळी हीच गाडी, आणि शहरातल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांना सुटे भाग रोज लागत, म्हणून दुकानदार ते ठेवत. टॅक्सी गेल्या तसा दुकानदारांचा त्यातला रस गेला. आता पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्यात पद्मिनीच्या टप्पेट कव्हरचा वायसर मागितला की दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग माळ्यावरचा एक डबा काढतो, आणि त्यात तो नसतो. प्लग अजून मिळतात. त्याची कडी एकटी मिळत नाही. “नवा प्लगच घ्या ना,” म्हणतात. आत्ता नवा घेतलाच आहे, त्याचीच कडी पडली आहे, हे सांगून उपयोग होत नाही.

डेल्कोतल्या स्क्रूबद्दल वेगळे बोलले पाहिजे. प्लगचे काम निघाले की पॉइंट साफ करणे ओघाने येतेच, आणि पॉइंटचा स्क्रू काढला की तो बैठकीच्या पत्र्यातल्या भोकातून खाली, फिरणाऱ्या वजनांपाशी जातो. वरून तो दिसत नाही. तिथेच राहू दिला तर वजने अडकून टायमिंग बिघडते. काढायचा तर बैठक खोलावी लागते, कधी अख्खा डेल्को बाहेर घ्यावा लागतो, आणि डेल्को हलला की टायमिंग पुन्हा लावावे लागते. एका स्क्रूपायी सकाळ जाते. तो स्क्रू पत्र्यातून पूर्ण न सुटणारा करणे अशक्य नव्हते. दुकानातल्या बऱ्याच प्लगांची कडी तर आता सुटू नये अशी दाबून बसवलेली येते. म्हणजे उपाय माहीत होता, जमणारा होता, आणि तरी इतकी वर्षे लोकांना वाकायला लावले.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्लगच्या खोक्यात एक सुटी कडी जादा द्यावी. गुंडी पक्की बसवलेली आहे की आट्यांची, आणि कोणत्या धातूची, हे खोक्यावर लिहावे. बॉक्स पान्यात प्लग धरून ठेवणारे रबर असावे. आपल्याकडच्या साध्या नळीच्या पान्यात ते नसते आणि प्लग वर येता येता सुटतो. पडलेल्या प्लगची आतली चिनीमाती तडकलेली असली तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून सिमेंटवर पडलेला प्लग पुसून परत बसवणे बंद करावे. नवा प्लग आत सोडताना पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा डोक्यावर घालून फिरवावा. आटे चुकले तर नळी घसरते आणि हेडचे आटे वाचतात. गाडीखाली जुनी पांढरी चादर अंथरावी.

आणि एक नियम मी आमच्या पार्किंगमध्ये लावला आहे. काढलेली प्रत्येक वस्तू ताटात मोजून ठेवायची आणि मोजणी जुळेपर्यंत गाडीची किल्ली माझ्या खिशात राहील. गेल्या वेळी एक कडी कमी भरली आणि भाच्याला स्टेशनवर रिक्षाने जावे लागले. मामा एका वायसरसाठी गाडी अडवतो, असे तो घरी सांगत सुटला. घरातल्यांनीही त्याचीच बाजू घेतली. कडी संध्याकाळी दुसऱ्या सिलिंडरच्या बैठकीला चिकटलेली सापडली, म्हणजे तिच्यावर नवा प्लग चढला असता. हे मी भाच्याला फोन करून सांगितले. पुढच्या वेळीही किल्ली मिळणार नाही, हेही सांगितले.