आयोवात भरलेली मंडई

आयोवा सिटी, ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रातल्या प्रत्येक ‘मी’खाली बाबांनी लाल रेघ ओढली आणि त्याचा फोटो काढून परत पाठवला. निवृत्त हेडमास्तरांच्या सुनेला एवढा इशारा पुरे. या पत्रात सूनबाई आहे, चिरंजीव आहेत, नात आहे. ‘मी’ला सुट्टी.

बातमी अशी की इथेही मंडईचे दिवस आले आहेत. तिकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचे खेळ होतात, वडशाच्या नाटक कंपनीची गाडी येते आणि पुढे होळीपर्यंत झाडीपट्टीतला माणूस रात्री घरी सापडेल याचा नेम नसतो. इथे तोच प्रकार विद्यापीठाच्या आवारात ऑगस्टअखेर सुरू होतो. आयोवा विद्यापीठ १८४७ सालचं, आणि ते कुठे संपतं नि गाव कुठे सुरू होतं हे कुणालाच सांगता येत नाही. चिरंजीवांनी पुढच्या दोन महिन्यांच्या कार्यक्रमांचे कागद फ्रिजवर लावलेत. दूध काढायला गेलं की आधी तीन व्याख्यानं आणि एक बॅले बाजूला सारावा लागतो.

शनिवारचा मान फुटबॉलचा. आयोवा सिटीची लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात आणि किनिक स्टेडियममध्ये बसतात सुमारे ६९ हजार! सामना घरच्या मैदानावर असला की लोक सकाळपासून गाड्यांच्या डिक्क्या उघडून शेगड्या पेटवतात. चिरंजीव यंदा तर्री-पोहे घेऊन जाणार आहेत. मैदानात पारदर्शक पिशवीच न्यावी लागते, त्यामुळे सूनबाईंची अमृतांजनची बाटली मागच्या खेपेला चार रांगांनी पाहिली आणि एका आजोबांनी मागूनही घेतली.

पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली इथे गुलाबी आहे. भिंती गुलाबी, नळकोंडाळं गुलाबी. १९७९ मध्ये आलेले प्रशिक्षक हेडन फ्राय मानसशास्त्र शिकलेले होते. गुलाबी रंगाने माणूस मवाळ होतो असा त्यांचा हिशेब. बैलांच्या शंकरपटात समोरच्याच्या जोडीला नजर लावणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण गोठाच रंगवून देण्याची युक्ती अजून कुणाला सुचलेली नाही.

या आरडाओरड्यात एक गोष्ट मात्र आईंनी पाहायला हवी. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे, उंच. सामन्याचा पहिला पाव भाग संपला की सगळं स्टेडियम त्या इमारतीकडे वळतं आणि काचेमागच्या आजारी पोरांना हात करतं. खेळाडू, पंच, पाहुणा संघसुद्धा. २०१७ पासूनचा हा शिरस्ता. वरच्या मजल्यावरची चिमुकली डोकी खालून नीट दिसतात. नात दोन्ही हात हलवते. चिरंजीव टोपी डोळ्यांवर ओढतात आणि ऊन फार आहे म्हणतात.

आता बाबांच्या आवडीचं. इथे कुस्ती आहे! कोल्हापूरला लाजवील अशी नसेल, पण गर्दी तशीच. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. माती नाही, गादी आहे. नियम वेगळे, पण पट काढणं तेच. कार्व्हर-हॉकआय मैदानाबाहेर डॅन गेबल यांचा पुतळा आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये या गड्याने एकही गुण न गमावता सुवर्णपदक घेतलं आणि पुढे प्रशिक्षक म्हणून या विद्यापीठाला १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. चिरंजीवांनी पुतळ्यासमोर उभं राहून नातीला १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकाची गोष्ट सांगितली, तीही इतक्या मोठ्याने की दोन विद्यार्थी थांबून ऐकू लागले. २०१५ मध्ये इथे कुस्ती थेट फुटबॉलच्या मैदानात नेली होती आणि ती बघायला ४२ हजारांवर माणसं नोव्हेंबरात उघड्यावर बसली. समोरच्याला खाली आणलं की पूर्वी २ गुण मिळत, २०२३-२४ पासून ३ मिळतात. चिरंजीव अजून सवयीने ‘टू’ ओरडतात आणि नात त्यांच्या शेजारी बसायला तयार नसते.

आता मुलींचाही संघ आहे. आयोवातल्या शाळांमध्येही मुलींच्या कुस्तीला अधिकृत मान्यता मिळाली आहे. नात या वर्षी नववीत गेली. बाकीचं आईंच्या लक्षात आलं असेल.

रंगभूमीचं म्हणाल तर नदीकाठी हँचर नावाचं भव्य नाट्यगृह आहे. जुनं २००८ च्या पुरात गेलं, नवं २०१६ मध्ये जरा उंचावर बांधलं. नाच, नाटक, वाद्यवृंद, सगळं येतं आणि चांगलं येतं. पण तक्रार अशी की साडेसातला पडदा वर जातो आणि दहाच्या आत लोक गाड्या काढून घरी. वडशाच्या कंपनीचं नाटक तेव्हा नुकतं रंगात येत असतं! पहाटे तांबडं फुटेस्तोवर बसणाऱ्या प्रेक्षकाची या मंडळींना कल्पनाच नाही. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा चिरंजीवांनी ऑफिसात पेढे वाटले आणि झाडीपट्टी म्हणजे काय हे नकाशा काढून समजावलं. नकाशात भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर होतं. नागपूर मुद्दाम लहान काढलं होतं.

२००८ च्या त्याच पुराने विद्यापीठाचं कलासंग्रहालयही बंद पाडलं. जॅक्सन पोलॉकचं १९४३ मधलं अवाढव्य चित्र, जवळजवळ २० फूट लांब, पाणी शिरण्याआधी हलवलं म्हणून वाचलं. मग ते बरीच वर्षं गावोगाव हिंडलं आणि २०२२ मध्ये नव्या इमारतीत परतलं. त्यात नाक-डोळे काही नाहीत, नुसते रंगाचे फटकारे. चिरंजीवांना त्यात नागझिऱ्याच्या जंगलातला गव्यांचा कळप उधळलेला दिसला. सूनबाईंना काही दिसलं नाही, पण चित्रासमोर बाक आहे आणि तो चांगला आहे.

व्याख्यानांना बहुधा तिकीट नसतं. नसतो तसा हार, नारळ, दीपप्रज्वलनही. पाहुण्याची ओळख दोन मिनिटांत आटोपते, आभाराचं भाषण करायला कुणी उठत नाही, आणि पाचचा कार्यक्रम पाचला सुरू होतो, त्यामुळे चिरंजीवांनी आजवर एकाही वक्त्याचं पहिलं वाक्य ऐकलेलं नाही. दर शरद ऋतूत इथे जगभरातले लेखक येऊन राहतात. १९६७ पासूनचा हा उपक्रम. आपले दिलीप चित्रे १९७५ मध्ये याच उपक्रमासाठी इथे आले होते. प्रेअरी लाइट्स या पुस्तकाच्या दुकानात लेखक वाचतात आणि श्रोते कॉफीचा घोटही आवाज न करता घेतात.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या यादीत एक नाव चिरंजीवांचंही आहे! त्यांच्या विभागात दुपारच्या जेवणाच्या वेळी कुणीतरी आपल्या मुलखाविषयी बोलतं, या वेळी पाळी नागझिऱ्याची. पत्रक छापून झालं. त्यावरचा वाघ मात्र नागझिऱ्याचा नाही, सैबेरियाचा वाटतो. अंगावर फार केस आहेत. चिरंजीव जय वाघाविषयी सांगणार आहेत: नागझिऱ्यात जन्मला, २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला, २०१६ मध्ये दिसेनासा झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथल्या मुक्कामावर पुस्तक लिहिलं, मारुती चितमपल्लींनी त्या भागात वनखात्याची नोकरी करता करता जंगल लिहून काढलं, हेही येईल. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या, त्यावर श्रोते हमखास प्रश्न विचारतील.

म्हणून बाबांना विनंती. वाघिणी सोडल्या तेव्हा नागझिऱ्याजवळच्या चोरखमाऱ्याकडे लोक काय बोलत होते ते लिहून पाठवावं. आणि चितळाच्या धोक्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग लवकर पाठवावं. मागच्या रेकॉर्डिंगमध्ये चितळ दोनदा ओरडलं आणि आई चारदा, ‘चहा गार झाला’ म्हणून. ते ऐकवता येणार नाही.

आपली,
सूनबाई

ता. क. कुस्तीचं आईंनी शेजारी बोलू नये. नातीने अर्ज अजून भरलेला नाही, फक्त बूट घेतलेत.