बॅगेच्या चार चाकांना कारणे दाखवा नोटीस

प्रति,
सर्वश्री चाके (एकूण नग चार),
निळी ट्रॉली बॅग,
मुक्काम व्हेनिस, इटली.

विषय : कर्तव्यात कसूर केल्याबाबत खुले पत्र.
संदर्भ : दादरच्या दुकानदाराने आपल्या वतीने दिलेले तोंडी आश्वासन.

महोदय,

सा. न. वि. वि.

खरेदीच्या दिवशी दुकानदाराने भरलेली बॅग एका बोटाने ढकलून दाखवली होती. "काका, जगात कुठेही न्या, एक बोट पुरे," असे तो म्हणाला. व्हेनिस जगातच येते. तेव्हा खुलासा मागणे भाग आहे.

मिलानपासून मेस्त्रेपर्यंत आपले वर्तन निर्दोष होते, हे आधी नमूद करतो. पाटीवर 'वेनेत्सिया' दिसले आणि आम्ही उतरलो. पुढचा 'मेस्त्रे' हा शब्द वाचायचा राहिला. कल्याणला उतरून "आली मुंबई" म्हणावे, तसा प्रकार. चूक आमची. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे. पाण्यातल्या व्हेनिसचे स्थानक सांता लुचिया.

पुढच्या गाडीने दहाएक मिनिटांत उथळ खाडी ओलांडली. १८४६मध्ये हा रेल्वेपूल झाला, तोवर इथे होडीनेच यावे लागे. १९३३मध्ये शेजारून मोटारींचा रस्ता आला. म्हणजे आपल्या जातीला या शहराने शतकानुशतके ताटकळत ठेवले आणि शेवटी वेशीपर्यंतच येऊ दिले. मोटार, बस, ट्राम, सगळ्यांचा शेवटचा थांबा पियाझाले रोमा. त्यापुढे सायकल हाताने ढकलतसुद्धा न्यायची नाही. आपली निवृत्ती इतकी जवळ आली होती, तर निदान आम्हाला कळवायचे होते.

सांता लुचियाच्या दारातून बाहेर पडलो. रिक्षावाला येईल, दुप्पट भाडे सांगेल, आपण निम्मे म्हणू, अशी मनाची तयारी होती. समोर थेट ग्रँड कॅनॉल! पायऱ्या उतरल्या की पाणी. हॉटेल पलीकडच्या काठावर, नुसते हाकेच्या अंतरावर. मध्ये स्काल्झीचा पूल. या शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेक सगळ्यांना पायऱ्या. पहिल्याच पायरीवर आपण चौघांनी हातपाय गाळले. यानंतर मी बॅगेला आणि बॅग मला, असे आलटूनपालटून ओढत वर गेलो. सौ. पाठीवर सॅक टाकून केव्हाच पुलाच्या माथ्यावर पोचली होती आणि आमचा फोटो काढत होती.

दुसऱ्या दिवशी आपल्याला खोलीत ठेवून आम्ही व्हापोरेत्तोने, म्हणजे इथल्या बसबोटीने निघालो. पंचाहत्तर मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरो. इथल्या रहिवाशांना तेच कार्डावर कितीतरी स्वस्त. आधी राग आला, मग वाटले, वर्षभर आमच्यासारख्या पाहुण्यांचे धक्के खाणाऱ्याला तेवढी सूट हवीच. एक नंबरची बोट थांबत थांबत अख्खा ग्रँड कॅनॉल दाखवते. मी मात्र महाल सोडून दोरखंडाकडे पाहत बसलो. थांबा आला की खलाशी दोराचा फास धक्क्याच्या खुंटावर टाकतो, दोन वेढे देतो, दोर करकरतो, बोट मान टाकते, फाटक सरकते. माणसे उतरली-चढली की वेढे सुटतात. ब्रेक नाही, टायर नाही, आपली उणीव कुणाला जाणवली नाही.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. मनात रुपयांत गुणाकार केला आणि विषय सौंदर्यशास्त्राकडे वळवला. गोंडोलाची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे चोवीस सेंटीमीटर रुंद असते. नावाडी एकाच बाजूने एकच वल्हे मारतो; होडी सरळ बांधली, तर गोल फिरत राहील. वाकडी आहे म्हणून सरळ जाते. आपण चौघे जन्मजात गोल असून तिरके चालता, याचाही खुलासा व्हावा. शेवटी दोन युरो देऊन आम्ही त्रागेत्तोत उभे राहिलो. हा गोंडोलाचाच साधा भाऊ, या काठावरून त्या काठावर सोडणारा. कोकणात खाडीवर 'तर' असते, तसा.

इथे रुग्णवाहिका होडी, कचरागाडी होडी, अग्निशमन होडी. सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीपर्यंतचा शेवटचा प्रवासही पाण्यावरून. आपल्याबद्दल शहराचे मत २०१४मध्येच कळले होते. चाकांच्या खडखडाटाने रहिवाशांची झोप उडते, म्हणून बॅगांना दंड होणार, अशी बातमी जगभर गाजली. नंतर खुलासा आला, नियम मालवाहू गाड्यांसाठी आहे. आपण थोडक्यात वाचलात.

पण निघायच्या सकाळी नेमकी एक मालवाहू गाडीच पाहिली. पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचलेली हातगाडी, मागे दोन मोठी चाके, पुढे दोन चिमुकली. पुलाशी येताच गाडीवाला "अत्तेन्त्सिओने!" ओरडला. लोक बाजूला झाले. त्याने चिमुकली चाके वरच्या पायरीवर टेकवली, त्यांवर भार दिला, मोठी ओढून घेतली. पुन्हा पुढची, पुन्हा मागची. गाडी पूल चढत नव्हती, चालत होती. इथे टिकलेल्या चाकाने पायाकडे शिकवणी लावली आहे. आपण मात्र दादरच्या गुळगुळीत फरशीवर मिळवलेल्या कीर्तीवर जगत आहात.

सबब, एका बोटाचे आश्वासन कोणत्या आधारावर दिले, याचा लेखी खुलासा परतीच्या विमानापूर्वी सादर करावा. तोवर आपल्याला उचलून नेण्यात येईल.

आपला,
हमाल (मानद)

प्रत माहितीस्तव :
१. डावा गुडघा
२. उजवा गुडघा (यांची तक्रार स्वतंत्रपणे विचाराधीन)
३. सौ. (बिनचाकी सॅक घेतली म्हणून त्या दुकानात आम्ही जिला हसलो होतो. ही प्रत पाठवू नये.)