कणकेत दडवलेली सहल

जर्मनीत स्टुटगार्टच्या आसपास, म्हणजे श्वाबियन मुलखात, 'माउलटाशन' नावाचा पदार्थ करतात. पिठाच्या पातळ लाटीत मांस, पालक, कांदा आणि पाव यांचं सारण भरायचं, कडा दाबायच्या आणि सूपमध्ये सोडायचं. आख्यायिका अशी की माउलब्रॉनच्या मठातल्या साधूंना ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस मिळालं. टाकवेना आणि खाणं तर पाप! मग वरून देवाला दिसू नये म्हणून त्यांनी ते कणकेत दडवलं. लोकांनी या पदार्थाला टोपणनावही तसंच दिलंय, देवाला गंडवणारं. चाकण-भोसरीहून तिकडे सप्लायरच्या ऑडिटला जाणाऱ्या आपल्या इंजिनिअरचा दौरा याच कृतीने रांधला जातो. बाहेरून ऑडिट, मीटिंगा, ट्रिप रिपोर्ट. आत बारीक चिरून कालवलेलं मर्सिडीजचं म्युझियम, १९५६चा टीव्ही टॉवर आणि रेल्वेने उरकलेलं हायडलबर्ग. परतल्यावर ऑफिसात कुणी विचारलं तर, "कसलं फिरणं हो, हॉटेल ते प्लांट, प्लांट ते हॉटेल." फॅमिली ग्रुपवर मात्र हायडलबर्गच्या किल्ल्याचे चाळीस फोटो.

माझं म्हणणं एवढंच, की यात खोट असलीच तर ती सारणात नाही, कणकेत आहे. कोर्टाच्या तारखेला कोल्हापूरला गेलेला माणूस अंबाबाईचं दर्शन न घेता आणि तांबडा-पांढरा न ओरपता परतला, तर घरचे त्याच्या तब्येतीची चौकशी करतील. तिथे कुणी कुणाला जाब विचारत नाही. मधे समुद्र आला की मात्र तेच दर्शन आणि तोच रस्सा लपवण्याजोगा का होतो? त्यातून जर्मनीची राज्यघटनाच आपल्या बाजूची आहे. तिच्या १४०व्या कलमाने जुन्या वायमार घटनेतली एक तरतूद जशीच्या तशी उचलली आहे : रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने संरक्षित आहे. दुकानं बंद, सप्लायर बंद. अशा दिवशी खोलीत बसून एक्सेल भरणारा पाहुणा यजमान देशाच्या घटनेच्या भावनेचा अवमान करतो, असं कुणी म्हटलं तर मी तरी हरकत घेणार नाही. (म्युझियमसाठी सोमवार राखून ठेवणाऱ्यांना सूचना : ते सोमवारी बंद असतं.)

यावर अकाउंट्सवाले म्हणतील, पैसा कंपनीचा आहे. बरोबर, म्हणून सुटीच्या दिवसांची खोली आणि किल्ल्याचं तिकीट स्वतःच्या खिशातून. याबद्दल वाद नाही. पण थोडा इतिहासही बघावा. परतीच्या प्रवासाआधी मुक्कामात शनिवारची रात्र असेल तर भाडं कमी, हा नियम विमान कंपन्यांनी वर्षानुवर्षं चालवला. कामाचा माणूस शुक्रवारी घरी पळतो आणि त्याचं भाडं कंपनी भरते, तेव्हा त्याला कापायचं, हे त्यामागचं साधं गणित. हा नियम आता सगळीकडे राहिलेला नाही, पण जिथे आहे तिथे रविवारी हायडलबर्ग पाहणाराच कंपनीचे पैसे वाचवतो. शुक्रवारी पळणाऱ्या कर्तव्यदक्ष माणसाचं तिकीट मात्र कुणी तपासत नाही.

दुसरा आक्षेप : पण जेवणाचा कामाशी काय संबंध? आहे ना. बॅगेत उपम्याची पाकिटं, मेतकूट आणि विजेची किटली घेऊन जाणारा (साजूक तूप युरोपात न्यायला बंदी, म्हणून तेवढं घरीच) आठवडाभर पुण्यातच राहतो, फक्त खिडकीबाहेर बर्फ असतो. अंडं चालत असेल त्याने चीज आणि तळलेला कांदा घातलेलं 'केझेश्पेट्झले' खावं, मांस चालत असेल त्याने मसूर-सॉसेज. जेवणानंतर जरा गल्लीत फिरावं. तिथल्या इमारतींत जिना झाडण्याची पाळी बिऱ्हाडांत आठवड्याआठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर 'केअरवोखं' अशी पाटी लटकते. ती पाटी पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं, की सप्लायरने आपलं ड्रॉइंग तिसऱ्यांदा परत का पाठवलं. मीटिंगमध्ये हे कळत नाही. आणि मीटिंग तर व्हिडिओवरही झाली असती.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे : अशी मुभा दिली की आपल्या लोकप्रतिनिधींचे अभ्यास दौरे होतात. खरं आहे. पण तिथे पाककृतीच उलटी असते. सारण उघड्यावर मांडलेलं, आणि आत कुठेतरी, शोधला तर, चिमूटभर अभ्यास. तो प्रकार माउलब्रॉनच्या साधूंनाही जमला नसता. आपल्या इंजिनिअरने लाटी बाजूला ठेवावी आणि ट्रिप रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवावी : "रविवार – मनाची उन्नती. बिल जोडलेले नाही."