बातमीदाराला पर्यटक करू नका

रोजच्या बातमीला विटलेला आणि प्रवासलेखनाची ओढ लागलेला एक तरी माणूस प्रत्येक वर्तमानपत्रात असतो. त्याने जरूर निघावं. मराठीत ही वाट मानाची आहे. ‘चित्रा’ साप्ताहिक चालवणाऱ्या अनंत काणेकरांनी युरोप-रशिया पाहून १९४० साली ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ दिलं. अनिल अवचटांनी बिहारमध्ये हिंडून ‘पूर्णिया’ लिहिलं. मुंबईच्या ‘ब्लिट्झ’मध्ये वर्षानुवर्षं काम केलेले पी. साईनाथ १९९३ साली देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाले. १९९६ साली त्यांचं पुस्तक आलं. २०१४ साली त्यांनी ग्रामीण भारतावरचं ‘पारी’ हे संकेतस्थळ सुरू केलं आणि इतरांचं लेखन तिथं प्रसिद्ध करू लागले. बातमीदार, भटका, मग संपादक असा हा सरळ प्रवास. यातल्या कुणीही वाटेत प्रश्न विचारणं सोडलं नाही.

आज नेमकं तेच सुटतं. पुरवणीत बदली झाली की वही मिटते. रिसॉर्टवाला गाडी पाठवतो, जेवू घालतो, माहितीपत्रक देतो आणि रविवारी तेच माहितीपत्रक नावासकट छापून येतं.

कस लावायचाच तर आदिलाबादला लावा. नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूरला लागून असलेला, पैनगंगेपलीकडचा हा तेलंगणातला जिल्हा. किनवटवरून रेल्वे थेट जाते आणि बाजारात मराठी चालते. इथं येणारा प्रवासी लेखक कुंतला धबधब्याचा फोटो टाकतो, उंची पंचेचाळीस मीटर लिहितो आणि परत फिरतो.

बातमीदार केसलापूरला थांबेल. पुष्य अमावास्येच्या नागोबा जत्रेसाठी मेस्राम कुळातले गोंड अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. ते का, कुठून आणि किती दिवसांत, हे तो त्यांच्याकडूनच समजून घेईल. त्याच जत्रेत दरबार भरतो आणि लोक अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडतात. १९४० साली गोंडांचा बंडखोर नेता कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने हा दरबार सुरू झाला. केसलापूर ज्या इंद्रवेल्ली मंडलात येतं, तिथंच २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृत्यूंचा, लोक त्याहून बरेच अधिक सांगतात. जत्रेचे रंग लिहायचे आणि हे गाळायचं, याला प्रवासलेखन म्हणता येत नाही.

संपादनाची परीक्षाही इथंच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. बासरचं सरस्वती मंदिर निर्मल जिल्ह्यात गेलं. भीम जिथं मारला गेला ते जोडेघाट आणि हायमेनडॉर्फ जिथं राहिले ते मारलावाई आसिफाबादकडे गेलं. तरीही लेखांतून सगळं ‘आदिलाबाद’च छापलं जातं आणि वाचक चुकीच्या स्टँडवर उतरतो. गावाचं नाव, जिल्हा, हंगाम, शेवटची बस हे तपासणारा उपसंपादक पुरवणीला हवाच. पहिल्या पानावर चूक खपत नाही, मग पुरवणीत का खपावी?

आणि भाषा? सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानचे अधिकारी म्हणून इथं आले आणि गोंडी-कोलामी शिकले. नोकरी सांभाळून त्यांना ते जमलं. पूर्णवेळ लेखकाने किमान शंभर शब्द शिकून यावं.

आता संपादकांना एक सांगणं. आदिलाबादवर लिहून घ्यायला मुंबई-पुण्याहून माणूस धाडण्याआधी किनवटच्या, पांढरकवड्याच्या तालुका वार्ताहराला विचारा. वर्षानुवर्षं तो पाऊस, कापसाचे भाव आणि अपघात यांच्या चार-चार ओळी पाठवतो आहे. त्याला रस्ता ठाऊक आहे, माणसं ठाऊक आहेत. त्याला पान द्या, प्रवासखर्च द्या, वेळेवर मानधन द्या आणि लेखाखाली त्याचं नाव छापा.

वार्ताहर मित्रांनो, तुम्हीही निघा. फुकटची गाडी नाकारा, एसटी पकडा आणि खिशातली वही उघडी ठेवा.