पांढऱ्या पट्ट्याची वकिली

माटुंग्यात अज्ञानी माणूस शोधून सापडत नाही. व्हीजेटीआय 1887 ची, यूडीसीटी 1933 ची, रुईया आणि खालसा दोन्ही 1937 च्या. पायी फिरता येईल एवढ्या जागेत इतकी विद्या दाटीवाटीने बसल्यावर तिच्या नुसत्या वाऱ्यानेही माणूस पदवीधर व्हावा. त्यात तमिळ, कच्छी, गुजराती, पारशी, मराठी अशा सगळ्यांनी आपापल्या घरचं ज्ञान आणून ओतलेलं. कॉफीत चिकोरी किती असावी याबद्दल मत नसलेला माणूस इथल्या मतदारयादीत असेलही, पण किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर दिसणार नाही. षण्मुखानंदमध्ये गायकाच्या आधी समेवर पोहोचणारे श्रोते, जिमखान्याच्या कुंपणाबाहेरून बॅट्समनला फूटवर्क शिकवणारे निवृत्त अधिकारी, गजरा घेण्यापूर्वी फुलवाल्याला गाठ कशी मारावी ते सांगणाऱ्या आजी, ज्याला त्याला सगळं येतं. अशा वस्तीत संध्याकाळी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये पन्नाशीचा गृहस्थ पांढरा पोशाख चढवून, कमरेला पांढरा पट्टा बांधून अनवाणी उभा राहतो, ही साधी गोष्ट नव्हे. ‘मला यातलं काहीही येत नाही’ हे तो चारचौघांत, अंगावर घालून जाहीर करत असतो, आणि वर त्याची दरमहा फी भरत असतो. प्रौढ माणसाला कराटे क्लासचा खरा उपयोग हाच, असं माझं ठाम मत आहे. स्वसंरक्षण, एकाग्रता, पोटाचा घेर वगैरे मजकूर क्लासच्या बॅनरवर शोभतो. पण अधिकृतपणे अडाणी होण्याची सोय माटुंग्यात दुसरीकडे कुठेच नाही.

हा अडाणीपणा किती खोलवरचा असतो ते पाहायचं तर नुसतं पट्टा बांधणं पाहावं. आधी जॅकेट. त्याचा डावा पदर उजव्यावर आला पाहिजे. उलटा पदर जपानात फक्त मृताला घालतात, त्यामुळे पहिल्या दिवशी निम्मे नवशिके तांत्रिकदृष्ट्या दिवंगत असतात. मग पट्ट्याचा मध्य बेंबीवर धरायचा, दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन अदलाबदल करून पुढे आणायची, एक टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून वर काढायचं आणि गाठ अशी मारायची की दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवून दिले, त्याच्या पट्ट्याचं एक टोक गुडघ्यापाशी असतं आणि दुसरं गाठीतून जेमतेम डोकावत असतं. शेवटी हिरव्या पट्ट्याची दहा वर्षांची मुलगी ‘अंकल, थांबा’ म्हणते आणि दोन हिसक्यांत अंकलना बांधून मोकळी होते. रांगही पट्ट्याप्रमाणे लागते. वय, पगार, सोसायटीच्या कमिटीतलं पद यांपैकी काहीही तिथे चालत नाही. वरच्या पट्ट्याची मुलं एका टोकाला, पांढरा पट्टा दुसऱ्या टोकाला, आणि वज्रासनाच्या जवळपास बसून वाकून नमस्कार करायचा तो सर्वांच्या बरोबर. यानंतर येतो पहिला ठोसा. उजवा पाय पुढे टाकायचा आणि उजवाच हात मारायचा, याला ओई-झुकी म्हणतात. सांगायला सोपं आहे. पण माणूस जन्मभर उजव्या पायाबरोबर डावा हात हलवत चालत आलेला असतो. स्टेशनवरून घरापर्यंत बिनतक्रार चालत येणारा माणूस इथे तीन पावलांत थबकतो आणि आपले हात कुणाचे आहेत अशा नजरेने त्यांच्याकडे बघू लागतो. चालणंसुद्धा येत नाही, हे ज्ञान घ्यायला बाहेर किती पैसे पडले असते!

यावर कुणी म्हणेल की ही सगळी नवशिक्याची फजिती आहे, विद्येचं मर्म पुढेच असणार. इतिहास मात्र माझ्या बाजूने साक्ष देतो. आज जगभर शिकवलं जातं ते कराटे शाळेच्या हॉलमधूनच बाहेर पडलेलं आहे. ओकिनावा बेटावर अंको इतोसू यांनी 1901 च्या सुमारास ते शाळेच्या अभ्यासक्रमात नेलं आणि विद्यार्थ्यांना झेपतील असे ‘पिनान’ नावाचे काता रचले. काता म्हणजे काल्पनिक शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढाई. म्हणजे हा सारा डोलाराच मुळी ज्यांना काही येत नाही त्यांच्यासाठी उभारलेला. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर. 1922 साली प्रात्यक्षिक दाखवायला ते टोकियोला गेले आणि तिथेच राहिले, तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पडेल ते काम करून, झाडू मारून, बाग सांभाळून ते क्लास चालवत. आपल्याकडे त्रेपन्नाव्या वर्षी माणूस व्हीआरएसच्या व्याजाचा हिशेब मांडतो आणि कुठल्याही समारंभात पहिल्या रांगेतली खुर्ची आपलीच धरून चालतो. फुनाकोशींनी हातात झाडू धरला. आणखी एक बारकावा असा की पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची पद्धत कराटेची नव्हेच, ती ज्युदोच्या जिगोरो कानोंची. फुनाकोशींनी ती उचलली आणि 1924 मध्ये पहिले काळे पट्टे दिले. त्याआधीच्या पिढ्या ओकिनावात पट्ट्याशिवायच शिकल्या. त्यांना आपण नवशिके आहोत हे कापड न बांधताही समजत असावं.

आता स्वसंरक्षणाचा मुद्दा. तो इतक्या हिरिरीने मांडला जातो की त्याला उत्तर देणं भाग आहे. सकाळी नऊच्या सुमारास माटुंग्याहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल डोळ्यांपुढे आणा. (फास्ट इथे थांबत नाही, त्यामुळे निवडीला वाव नाही.) कराटेतल्या झेनकुत्सु-दाची या पवित्र्याला पुढच्या आणि मागच्या पावलात दीड-दोन हातांचं अंतर लागतं. एवढ्या जागेत मध्य रेल्वे निदान चार प्रवासी बसवते. किकसाठी पाय उचललाच, तर तो परत ठेवायला जमीन दादरपर्यंत मिळत नाही. शिवाय पांढऱ्या पट्ट्यावर माणसाला जेवढं कराटे येतं तेवढ्यावर मारामारी करण्यापेक्षा पाकीट देऊन टाकणं तब्येतीला बरं. सिनेमाची साक्षही कामाची नाही. 1973 च्या ‘एंटर द ड्रॅगन’ने एक अख्खी पिढी कराटे क्लासात लोटली. पण ब्रूस ली शिकला होता विंग चुन, आणि पुढे त्याने स्वतःची जीत कुन दो काढली. 1983 मध्ये मिथुन चक्रवर्तीचा ‘कराटे’ आला आणि गल्लोगल्ली पोरं हवेत लाथा मारू लागली. त्या लाथांनी हवेचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. माटुंग्याचा हुकमी दाखला म्हणून अक्षय कुमारचं नाव पुढे केलं जातं. तो डॉन बॉस्कोचा विद्यार्थी, शाळेत असतानाच कराटे शिकू लागलेला, मग खालसा कॉलेज, मग थेट बँकॉक. दाखला खरा आहे, पण तो माझ्या खटल्यात बसत नाही. शाळकरी मूल गणितात, मराठीत, डबा न सांडता खाण्यात, सगळीकडेच नवशिकं असतं. त्याला पांढऱ्या पट्ट्याने वेगळं असं काय मिळणार? ती चैन चाळिशी ओलांडलेल्यांचीच.

स्वदेशीवाल्यांचा आक्षेप याहून वजनदार. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला, पलीकडे शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आहे, लालबाग-परळला तालमी होत्या, मग जपान्यांच्या पाया कशाला पडायचं? मल्लखांबाबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्या आदराचा मोठा भाग दुरून पाहण्यातून आलेला आहे. एरंडेल लावलेल्या खांबाच्या बुंध्याशी पन्नाशीचा नवशिका उभा राहतो आणि तिथेच राहतो. कराटेत निदान जमीन सपाट असते. तालमीची अडचण निराळी. तिथे वस्तादही लंगोटात आणि काल आलेलाही लंगोटात. कोण तयारीचा आणि कोण कच्चा हे कुस्ती लागेपर्यंत कळत नाही, म्हणजे अज्ञान झाकून ठेवायला भरपूर वाव. मला हवी आहे ती व्यवस्था अज्ञान लांबून दिसेल अशी. राहिला परकेपणाचा प्रश्न. मुंबईत कराटे रुजवणाऱ्या पहिल्या फळीत परवेझ मिस्त्री, विस्पी कापडिया अशी पारशी नावं आहेत. जपानची विद्या पारशांनी आणायची, तमिळ मुलांनी शिकायची आणि सगळ्यांनी मिळून ‘इची, नी, सान’ असे आकडे मोजायचे, याहून अस्सल माटुंगा तो कोणता? ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी आधी आपल्या रविवारच्या इडलीचा पत्ता विचारावा.

खरा अडचणीचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. पांढऱ्यानंतर पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी, अशी काळ्यापर्यंत शिडी. दर पायरीला ग्रेडिंग, ग्रेडिंगची फी, प्रमाणपत्र आणि सरांबरोबर फोटो. रंगांची ही एवढी लांब शिडी जपानातली नाही, युरोपातल्या ज्युदोच्या वर्गांत ती वाढली. वर्षानुवर्षं एकाच पांढऱ्या पट्ट्यावर थांबायला तिकडच्या मंडळींना धीर नव्हता. आपल्याकडे तर पालकांना दहावीच्या आत काळा पट्टा हवा असतो, कारण दहावीत क्लास बंद होणार हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. हे सगळं मान्य. पण जरा बारकाईने पाहा. या सबंध व्यवहारात एकच पट्टा परीक्षेशिवाय मिळतो, तो पांढरा. तो बहुतेक ठिकाणी युनिफॉर्मबरोबरच येतो. तेव्हा व्यापाराचा हा आक्षेप पिवळ्यापासून पुढे लागू पडतो आणि माझं अशील त्यातून निर्दोष सुटतं. उलट पिवळा पट्टा मिळाल्यावर काय होतं पाहा. माणसाला काहीतरी येऊ लागतं. तो नव्याने आलेल्या गृहस्थाच्या मुठीचा अंगठा आत आहे की बाहेर हे तपासतो. पार्किंगमध्ये वॉचमनला कमरेचा झटका कुठून येतो ते समजावतो. केशरी मिळेपर्यंत त्याला ऑलिम्पिकचं राजकारणही कळलेलं असतं, म्हणजे 2021 मध्ये टोकियोत कराटे कसं होतं आणि 2024 ला पॅरिसने ते का वगळलं. माटुंग्यात एका जाणकाराची भर पडते आणि क्लासने त्याच्यावर केलेला उपकार फुकट जातो. म्हणून सुज्ञाने पिवळ्या पट्ट्याची परीक्षा शक्य तितके दिवस टाळावी. सरांचा थोडा हिरमोड होईल, पण ‘गुडघा जरा...’ एवढं अर्धवट वाक्य बोललं की ते पुढे विचारत नाहीत.

गुडघ्याचं म्हणाल तर तो आक्षेप मात्र डॉक्टरांचा आहे, त्यावर वकिली चालत नाही. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्याने आधी तपासून घ्यावं, आणि सरांना पहिल्याच दिवशी खरं सांगावं. काता उंच उभं राहूनही करता येतो. बाकी कुठल्या कुळाचं कराटे, शोतोकान की गोजू-र्यू, यात सुरुवातीला डोकं घालू नका, तेवढं कळत असतं तर तुम्हाला पांढरा पट्टा लागला नसता. घराजवळचा क्लास निवडा, एक दिवस नुसते बसून पाहा, मुलांवर ओरडणारे सर असतील तर दुसरा क्लास बघा. आणि युनिफॉर्म घेताना एक साइझ मोठा घ्या, सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं.