बत्ती पेटली, राजेहो!

(रंगमंचावर दोन खुर्च्या. एकीवर तो बसलेला, हातात स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरून. दुसरी रिकामी खुर्ची म्हणजे त्याचे सासरे.)

राजेहो, अमरावतीचे किती हाय इथं? हात वर करा. अन् अकोल्याचे? तुमी हात वरच राहू द्या, तेवढाच घाम वाळन.

आता खरं सांगा, कोनाच्या गाडीत सध्या थे पिवयी बत्ती पेटून हाय? इंजिनाच्या चित्राची? (प्रेक्षकांकडे टक लावून पाहतो.) पाहा, एकही हात नाही. अन् पार्किंगमध्ये मी स्वतः पाह्यत आलो!

झालं असं, बायकोच्या मामेबहिनीचं लगीन अकोल्यात. भर मे महिना. अमरावतीहून निघालो, बडनेरा मागं टाकलं, अन् टप्! पेटली. बाजूले मामाजी. म्हंजे आमचे सासरे. उभी हयात ट्रॅक्टर चालवला मानसानं.

"जवाईबापू, थे काय पेटलं?"

"काही नाही मामाजी."

"काही नाही तं पेटलं काऊन?"

(ताट थांबतं.) सांगा आता. वकिलालेही उत्तर सुचनार नाही.

मागून बायको, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं, कधी म्हटलं होतं, हे इचारायची आपल्या इकडे पद्धत नाही. मामाजी म्हने, "पेट्रोलात भेसय हाय. आता तं सरकारच वीस टक्के इथेनॉल कालवते. उसाची दारू पाजल्यावर गाडीचे डोये पिवये होतीनच की!"

(उठतो, प्रेक्षकांजवळ येतो, आवाज खाली.) एक कामाची गोठ सांगून ठेवतो, हसता हसता राहून जाईन. बत्ती नुसती पेटून असन तं घाबरू नका. सावकाश चालवा, पन दाखवून घ्या. लुकलुकत असन तं मात्र जीव घ्या मुठीत! म्हंजे इंजिन मिसफायर करून राह्यलं, अन् न जयलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधी चाललं. त्या डब्यात काय असते? प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम! लग्नात बायकोले जे धातू मी घेतले नाही, थे गाडीच्या बुडाखाली लटकून हाय. बायकोले हे सांगू नका. अन् तेलाच्या डब्याची लाल बत्ती पेटली, का इंजिन तापल्याची, तं असन तिथंच थांबा. लगीन दुसऱ्याचं हाय.

(परत बसतो. ताट फिरवतो.) आमची नुसती पेटून होती. चाललो. लोणी आलं. थो रस्ता मालूम हाय ना? 2022 चा जून. अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा एक पदर डांबर, 105 तास 33 मिनिटांत! गिनीज बुकात नाव चढलं होतं आपल्या वऱ्हाडाचं. या रस्त्यानं जाताना मी दरवेळी छाती फुगवतो. त्या दिवशी नाही फुगली. नजर बत्तीवर.

मूर्तिजापुरात एक मेकॅनिक दिसला. त्यानं बोनेट उघडलंच नाही. आधी गाडीच्या मागं गेला, नंबर वाचला. एमएच-27. (स्वतःशी हसत) "अमरावतीचे काय?" राजेहो, डॉक्टर नाडी पाह्यते, हा नंबरप्लेट पाह्यते. एमएच-30 असती तं वेगया रोग निघाला असता. मंग बोनेटले कान लावला. डोये मिटले. मामाजीनंही टोपी काढली.

"इंजिन खोला लागते."

मी म्हटलं, "वऱ्हाडी खोयंबले हाय भाऊ, आता कोठून खोलता?"

"मंग तात्पुरतं करून देतो." बॅटरीची वायर काढली. बिडी ओढली. वायर लावली. बत्ती गुल! तीनशे रुपये. मामाजी खूश, "याले म्हनते कारागीर!" अरे, त्यानं रोग नाही पुसला, रोग्याचा केसपेपर फाडला! गाडीनं आपल्या मेमरीत लिहून ठेवलेलं दुखनं बॅटरी काढली की पुसून जाते. बोरगाव मंजूले बत्ती परत हजर. अन् मामाजी झोपले. सोयीस्कर.

अकोल्यात मांडवात गाडी उभी केली तं वधूपक्ष, वरपक्ष, आचारी, सारे बोनेटभोवती. तिकडे मंगलाष्टकं सुरू, इकडे निदान. एक म्हने प्लग, एक म्हने पंप, एक म्हने नजर लागली. नवरदेवाचा काका तं म्हने, "कायी टेप आनू काय? चिकटवून टाका बत्तीवर!" हसू नका. जुन्या गाडीच्या बाजारात हाच धंदा चालते. जुनी गाडी घ्याले गेले की पयले चावी फिरवून पाहा. बत्ती पेटाले पाह्यजे, अन् इंजिन सुरू झालं की विझाले पाह्यजे. पेटतच नसन तं समजा, गाडी निरोगी नाही, मुकी केली हाय.

दुसऱ्या दिवशी गेलो एका मोठ्या काचेच्या सर्व्हिस सेंटरात. एसी. सोफा. कॉफी. टाय लावलेलं पोट्टं, "सर, सेन्सर गेला. सेन्सर बदलू, थ्रॉटल साफ करू, बुडाले कोटिंग मारू. आठ दिवस गाडी सोडा." कागदावर आकडा पाह्यला अन् एसीतही घाम! म्या म्हटलं, बाबू, 105 तासांत इथं रस्ता झाला, तुले एक बत्ती विझवाले आठ दिवस?

बाहेर कायी-पिवयीवाला उभा होता. त्याले इचारलं, "तू कोठी दाखवतो?" तो म्हने, "साहेब, माही गाडी एक दिवस बंद, तं घरची चूल बंद. मले फसवनारा परवडत नाही." हे बरोबर! ज्याचं पोट गाडीवर, त्याले मेकॅनिक इचारा. सोफ्यावरच्याले नाही.

त्यानं धाडलं एका बोयीत. लिंबाखाली गाड्या. मेकॅनिक चाचा. नंबरप्लेट नाही पाह्यली. स्टिअरिंगच्या खाली वाकला, एक डबी खोचली. 2013 पासूनच्या आपल्या नव्या गाड्याईत ओबीडी-दोन असते ना, सोया पिनांची जागा, तिथं. स्क्रीन मह्याकडे फिरवली, "पी शून्य एकशे तीस."

म्या म्हटलं, "म्हंजे सेन्सर गेला!"

"कोन म्हनते? कोड फक्त एवढं सांगते का ऑक्सिजन सेन्सरच्या लाइनीत गडबड हाय. सेन्सर असन, वायर असन, नाहीतं जोड असन. गाडी पत्ता सांगते, दरवाजा आपन ठोठावा लागते." टॉर्च मारला. मंग मले इचारते, "गाडी उभी कोठी करता?"

"घरी. गोदामाच्या बाजूले."

"गोदामात काय?"

"सोयाबीन."

"उंदीर कधी येऊन गेला?" अन् कुरतडलेली वायर दाखवली! वायर जोडली, डाग दिला, वरून नळी चढवली, कोड पुसला, गल्लीत चक्कर मारून आनली. बत्ती नाही. "सेन्सर ठीक हाय, बदलू नका. दोनशे द्या."

(रिकाम्या खुर्चीकडे वळतो.) मी खूश. अन् मामाजी? चेहरा पडला!

"जवाईबापू, दोनशेत कोठी गाडी सुधरते काय? त्याले काही समजत नाही. त्या काचवाल्यानं कसा मोठा कागद देला!"

"मामाजी, बत्ती विझली ना!"

"थे तं मूर्तिजापूरवाल्यानंही विझवली होती. अन् त्यानं तीनशे घेतले!"

मंग मामाजी चाचाजवळ गेले अन् हळूच म्हनतात, "भाऊ, सात-आठ हजाराचं पक्कं बिल बनवून द्या. पाव्हन्याईले दाखवा लागते." चाचा म्हने, "बिल दोनशेचं भेटन. उंदीर पायजे असन तं फुकट."

(उठतो. ताट काखेत मारतो. कोणीतरी काहीतरी विचारल्यासारखा कानावर हात धरतो.)

काय? नंबर? चाचाचा नंबर? वा रे वा! मघाशी बत्तीचं इचारलं तं एकानं हात वर नाही केला. अन् आता नंबर पायजे? तुमी सारे तिथं रांग लावसान, मंग मी कितवा? (जाता जाता) टॉवर चौकातून सरळ... नाही, उजवीकडे... जाऊ द्या, रस्ता खोदला हाय तिकडचा.

(अंधार.)