पत्रिका, क्रमवारी आणि चिरंजीवांचं एमबीए

फिलाडेल्फिया

तीर्थरूप दादा आणि सौ. वहिनी,

चि. सोहमने एमबीएसाठी केलेली बिझनेस स्कूलांची यादी पोचली. यादी सुबक आहे, रंगीत आहे, फक्त तिच्यात सोहम कुठे सापडत नाही. पहिला नंबर, दुसरा नंबर असं उतरत गेलेली ही यादी शेजारच्यांच्या मुलानेही अक्षरशः अशीच केली असती. क्रमवारी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पसंतीची बेरीज, असं माझं स्पष्ट मत आहे. वहिनींना हे लगेच पटेल, कारण घराण्यातल्या निम्म्या पत्रिका त्यांनीच जुळवल्यात. छत्तीस गुणांत नाडीला आठ, भकुटाला सात, वर्णाला एक. ही वाटणी करताना मुला-मुलीला कुणी विचारलेलं नसतं. ‘फायनान्शियल टाइम्स’ 1999 पासून जगातल्या एमबीएंची अशीच पत्रिका मांडतो. तिथली नाडी म्हणजे पदवीनंतर तीन वर्षांनी मिळणारा पगार आणि त्यात झालेली वाढ. तो पगारही क्रयशक्तीच्या हिशेबाने डॉलरमध्ये मांडतात, त्यामुळे मुंबईचा पगार कागदावर चांगलाच बाळसेदार दिसतो. पण ते डॉलर घेऊन बोस्टनमध्ये घरभाडं भरायला गेलं, की बाळसं उतरतं.

शिवाय अशा क्रमवाऱ्यांमागची माहिती बऱ्याच अंशी शाळांनीच भरून दिलेली असते. आमच्या याच शहरात टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स स्कूलचा ऑनलाइन एमबीए ‘यूएस न्यूज’च्या यादीत लागोपाठ चार वर्षं पहिला होता. नव्या विद्यार्थ्यांपैकी झाडून सगळ्यांनी जीमॅट ही प्रवेशपरीक्षा दिल्याचं शाळेने कळवलं होतं. खरं तर पाचांतल्या एकाचेच गुण हाती होते. 2018 साली बिंग फुटलं आणि 2022 मध्ये तिथल्या माजी डीनना चौदा महिन्यांची कैद झाली. पहिल्या नंबरासाठी तुरुंगात जाणारी माणसं आपल्याकडे फक्त विद्यार्थ्यांत असतात, असा माझा समज होता.

मग बघायचं काय? आधी वेळ. फ्रान्समधल्या इन्सियाडचा एमबीए दहा महिन्यांत आटोपतो, हार्वर्डचा दोन वर्षं चालतो, आणि हार्वर्डच्या दोन वर्षांची नुसती फीच दीड लाख डॉलरच्या वर जाते. त्यात बुडालेला पगार मिळवला, की दादा, तू आकडा वहिनींना सांगू नकोस. पण दोन वर्षांत उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळते, म्हणजे नवं क्षेत्र चाखून बघता येतं. ज्याला आहे त्याच वाटेवर पुढे जायचंय त्याला दहा महिने पुरेत. ज्याला वाट बदलायचीय त्याने घाई करू नये. मग गाव. डार्टमथची टक शाळा हॅनोव्हरसारख्या लहान, बर्फाळ गावात आहे आणि एका तुकडीत तीनशेच्या आत मुलं. हार्वर्डला नऊशेच्या वर. चारचौघांत बुजणाऱ्या मुलाने कुठे जावं, हे कुठलंही मासिक सांगत नाही. इन्सियाड आहे त्या फॉन्टेनब्लोत नेपोलियनने 1814 साली गादी सोडली. शाकाहारी माणसाला तिथे आणखीही काही सोडावं लागेल.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र यादीत नाहीच, तो म्हणजे शिकून झाल्यावर राहता किती येईल. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष कामाची मुभा मिळते, आणि अभ्यासक्रम सरकारदरबारी ‘स्टेम’ म्हणून नोंदलेला असेल तर आणखी दोन वर्षं. पुढचा कामाचा व्हिसा, एच-वन-बी, वर्षाला 85,000 जणांनाच, आणि अर्ज जास्त म्हणून सोडत काढतात. म्हणजे साध्या अभ्यासक्रमाने सोडतीची एक-दोनदा संधी, तर ‘स्टेम’वाल्याने तीनदा किंवा जास्त. परत यायचंच असेल तर हा रकाना खोडून टाका. मग चर्चगेटचं जमनालाल बजाज, अहमदाबादचं आयआयएम आणि हैदराबादचं आयएसबी यांचा विचार आधी करा, कारण ज्यांनी नोकरी द्यायची ते साहेब तिथूनच शिकलेले असतात.

दादा, तू म्हणशील, नावाला किंमत असतेच की. असते, आणि बरीच असते. बड्या सल्लागार कंपन्या आणि बँका ठरावीक शाळांच्याच दारात माणसं उचलायला जातात. सोहमला तिथेच शिरायचं असेल तर खुशाल नाव बघा, कारण मग नाव हीच त्याची गरज झाली. पण त्याला स्वतःचा कारखाना काढायचा असेल, तर त्या नावाचे हप्ते फेडण्यातच भांडवल जाईल. दुसरा आक्षेप वहिनींचा असणार: चोविसाव्या वर्षी पोराला काय कळतंय, उद्या मन बदलेल. बदलू दे. आवड बदलते, कर्जाचा हप्ता, थंडी सोसण्याची ताकद आणि तुमच्याजवळ राहण्याची ओढ इतक्या सहजी बदलत नाही. यादी त्यावरूनच करायची.

तेव्हा त्याला म्हणावं, शाळांची नावं तूर्त बाजूला ठेव. कर्ज किती झेपेल, वर्षं किती द्यायची, शिकून झाल्यावर राहायचं कुठे आणि काम कसलं करायचं, एवढं एका कागदावर लिहून पाठव. तो कागद येईपर्यंत कुठल्याही शाळेची अर्जाची फी भरू नका.

तुझा धाकटा भाऊ